आपल्याच घराचं बुकिंग

कोळवशीच्या घराला पहिला अभिप्राय आला तो तीन ताऱ्यांचा. लिहिणारा मुलगा सभ्य असावा. ‘घर सुंदर आहे, ओट्यावरून समुद्र अगदी समोर दिसतो, जेवण अप्रतिम,’ असं लिहून त्याने पुढे म्हटलं होतं, ‘मालक-मालकीण अत्यंत प्रेमळ आहेत. तीन दिवसांत ते एक क्षणही आमच्यापासून दूर झाले नाहीत. आमचं लग्न होऊन आठवडा झाला आहे.’

सोपानरावांच्या सुनेने, म्हणजे तनुजाने, रविवारी पोहे खाता खाता हा अभिप्राय सगळ्यांना वाचून दाखवला आणि शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. सोपानरावांना त्यात वाईट काय आहे ते कळेना. पाचापैकी तीन म्हणजे साठ टक्के, आणि साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. त्यांच्या काळात पिंपळे सौदागरमध्ये एवढे मार्क पडले असते तर पोराची मिरवणूक निघाली असती.

आता यात सोपानरावांचं चुकलं कुठे, हे तुम्ही गावातल्या जुन्या घरांपैकी कोणालाही विचारा, कोणाला सांगता येणार नाही. घर त्यांनी हौसेने घेतलं होतं आणि रिकामं पडून राहू नये म्हणून तनुजाने ते मोबाइलच्या एका अ‍ॅपवर टाकलं होतं, दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने. पहिले पाहुणे येणार असं कळल्यावर सोपानराव आणि कौशल्याबाई आदल्या दिवशीच ताम्हिणी घाट उतरून कोळवशीला हजर झाले. आपल्या घरी पाहुणा येणार आणि दारात माणूस नाही, हे त्यांच्या बुद्धीला पटण्यासारखं नव्हतं. नवं जोडपं दारात उतरलं तेव्हा कौशल्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग सोपानरावांनी त्यांना ओट्यावर बसवून गाव कोणतं, आजोळ कुठलं, चाकणकडे त्याच आडनावाचे जे आहेत ते तुमचे कोण, अशी अर्धा तास चौकशी केली. रात्री मटण झालं. दुसऱ्या दिवशी जोडपं समुद्रावर फिरायला निघालं तर छत्री घेऊन सोपानराव बरोबर निघाले, कारण परक्या मुलखात पोरांना एकटं सोडायचं कसं. पोरं भराभर चालू लागली, तसे तेही भराभर चालू लागले. तिसऱ्या दिवशी निरोप देताना मुलीची ओटी भरली आणि मुलाला टॉवेल-टोपी केली. मुलाने टोपी घालून फोटोसुद्धा काढू दिला. एवढं होऊन तारे तीन.

तनुजा शांतपणे म्हणाली, “बाबा, पाहुणे आले की आपण तिथे जायचं नसतं.”

“म्हंजी पाव्हणं यायचं आनि आपुन घरी नसायचं? ह्याला काय म्हणत्यात?”

“याला हॉलिडे होम म्हणतात.”

जयदीप, म्हणजे सोपानरावांचा मुलगा, पोह्यांत तोंड घालून हसला. बाप सून ओरडली तर सहन करतो, पण मुलगा हसला की त्याचं डोकं फिरतं. सोपानरावांनी बशी बाजूला सारली आणि जाहीर केलं की आजपासून त्या घराचं नाव काढलं तर सोपान हे नाव लावणार नाही. ते घर, त्याच्या किल्ल्या, त्याचे तारे, सगळं तुमचं तुम्ही बघा. असं बोलून ते खाली सोसायटीच्या बागेत जाऊन बसले. ही बाग त्यांच्याच हरभऱ्याच्या वावरात उभी होती, त्यामुळे रागावून जाऊन बसायला ती त्यांना सोयीची पडे.

प्रतिज्ञा करणं सोपं असतं. ती पाळताना सोयरे आड येतात. महिन्याभराने कुरुळीला साखरपुडा होता. कौशल्याबाईंची थोरली बहीण कुशाबाई, तिचा नातू सार्थक, त्याचा. कुशाबाईंना सगळे आक्का म्हणत. वय बहात्तर. आयुष्यभर वावरात राबलेल्या, वावर कारखान्यांत गेल्यावर कामगारांना डबे पुरवलेल्या, आणि या सगळ्यात आळंदी-जेजुरीपलीकडे कुठे न गेलेल्या. त्यांच्या डाव्या डोळ्याचं काम काचबिंदूने केव्हाच संपवलं होतं. उजव्याला अजून दिसत होतं, पण डॉक्टर म्हणाले होते की आहे तोवर आहे, गेलेलं परत येणार नाही.

त्या दिवशी मांडवात बायका बसल्या असताना कुशाबाई सहज म्हणाल्या, “माझं एकच राह्यलंय. समुद्र बघायचा राह्यला. ह्या डोळ्याचं काय खरं न्हाई.”

त्यांनी हे मागणं म्हणून म्हटलेलं नव्हतं. पण सोपानराव तिथे मानाचे पाहुणे म्हणून फेटा बांधून बसलेले, आजूबाजूला सगळी भावकी, आणि डोक्याला फेटा असला की माणसाच्या तोंडून मोठी वाक्यं निघतात. ते उभे राहिले. “आक्का,” ते म्हणाले, “संक्रांतीपत्तुर तुमाला समुद्र दावला न्हाई तर विचारा. तो बी असा-तसा न्हाई. आमच्या सोताच्या ओट्यावर खुर्ची टाकून, हातात चाची बशी देऊन दावतो.” मांडवात वाहवा झाली. पंगतीत वाढत असलेली तनुजाही क्षणभर थांबून ऐकत होती. सोपानराव खाली बसले तेव्हा त्यांना आठवलं की त्या घराचं नाव न काढण्याची प्रतिज्ञा आपण केलेली आहे.

त्यांनी स्वतःची समजूत काढली की प्रतिज्ञा पिंपळे सौदागरपुरती होती आणि कुरुळी ग्रामीण हद्दीत येतं. पण किल्ली तनुजाकडे होती. आणि सासऱ्याने सुनेपुढे जाऊन ‘आमचं घर आम्हाला दोन दिवस देतेस का’ म्हणायचं, हे त्यांच्या घराण्यात आजवर झालेलं नव्हतं. त्यांनी कौशल्याबाईंना पुढे करून पाहिलं. कौशल्याबाई म्हणाल्या, “शब्द तुमी दिलाय. तुमीच मागा.” बहिणीला समुद्र दिसावा यासाठी त्यांनी गुरुवार धरले होते, पण नवऱ्याचा गर्व उतरावा यासाठीही एखादा वार धरायची त्यांची तयारी होती.

मग सोपानरावांनी चोरून अ‍ॅपवर घर उघडून पाहिलं. ज्या तारखा बुक झालेल्या त्या लाल दिसत. संक्रांतीचे तिन्ही दिवस लाल. त्याआधीचे सगळे शनिवार-रविवार लाल. नाताळचा आठवडा तर रक्तबंबाळ झालेला. आपल्या घराला एवढी मागणी आहे याचा त्यांना अभिमान वाटला आणि त्याच वेळी आपल्याला तिथे जागा नाही याचं वाईट वाटलं. दोन्ही गोष्टी एकदम वाटण्याचा त्यांना सराव नव्हता, म्हणून ते बागेत गेले.

बागेत संध्याकाळी पाच-सहा निवृत्त माणसं बसत आणि कोणाच्याही अडचणीवर एकाच वेळी आठ-दहा उपाय सांगत. एकाने सांगितलं, घर विकून टाका, खारा वारा सळ्या खातो. दुसऱ्याने सांगितलं, बाईंना गुळगुळीत पडद्याच्या मोठ्या टीव्हीवर समुद्र दाखवा, फरक कळत नाही. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले यशवंतराव मात्र विचार करून बोलणारे. ते म्हणाले की हे अगदी सोपं आहे. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून तुमचंच घर बुक करा, सूनबाईंना कळायचं कारण नाही आणि शब्दही राहील. सोपानरावांना हा सल्ला इतका आवडला की त्यांनी यशवंतरावांना तिथल्या तिथे उसाचा रस पाजला.

घरी आल्यावर त्यांनी अ‍ॅपवर खातं उघडलं. नावाच्या जागी सावधगिरीने नुसतं ‘एस.’ लिहिलं. फोटो मागितला तेव्हा स्वतःचा लावणं धोक्याचं होतं, म्हणून कुरुळीच्या सोयऱ्यांचा शर्यतीत पहिला आलेला बैल लावला. मग अ‍ॅप म्हणालं, चेहरा दाखवा. त्यांनी दाखवला. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, डोळे मिटा. त्यांनी तेही केलं. ते न्हाणीघरात दार लावून हे करत होते आणि बाहेरून कौशल्याबाई विचारत होत्या की बरं वाटत नाही का. शेवटी अ‍ॅपने कळवलं की तुमचा चेहरा आणि तुमचा फोटो यांत फरक आढळतो. तरी चौकशी पाठवायला त्याने परवानगी दिली.

चौकशी गेली आणि पाचच मिनिटांत उत्तर आलं. उत्तर अर्थात शेजारच्या खोलीतून आलं होतं. तनुजाने नम्रपणे विचारलं होतं की आपण याआधी कुठे राहिला आहात, आपल्याबद्दल एकही अभिप्राय दिसत नाही. सोपानरावांनी लिहिलं, ‘जन्मापासून एकाच गावात राहिलो. अभिप्राय गावात विचारा.’ तिने विचारलं, येण्याचं कारण काय. इथवर त्यांनी बराच संयम ठेवला होता. पण स्वतःच्या घरी जायचं कारण विचारलं म्हटल्यावर त्यांचं रक्त तापलं आणि त्यांनी लिहून टाकलं, ‘घर माझं आहे.’

जेवायला बसल्यावर तनुजाने सांगितलं की आज अ‍ॅपवर एक भामटा आला होता. बैलाचा फोटो लावून म्हणे घर माझं आहे. तिने लगेच तक्रार केली होती. जयदीप म्हणाला, अशा लोकांना पोलिसांतच द्यायला पाहिजे, काय बाबा? सोपानराव म्हणाले, व्हय, द्यायलाच पाहिजे. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो बराच वेळ हातात धरून ठेवला. कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि न मागता त्यांच्या ताटात लोणचं वाढलं. दुसऱ्या दिवशी अ‍ॅपचं पत्र आलं की आपलं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे.

आता मागे फिरणं शहाणपणाचं होतं, पण यशवंतरावांची जबाबदारीची जाणीव जागी झाली. सल्ला त्यांचा, फसला तर अब्रू त्यांची. त्यांचं स्वतःचं खातं स्वच्छ होतं. महाबळेश्वरच्या एका बाईंनी त्यांच्याबद्दल ‘पाणी जपून वापरतात’ असं लिहिलेलं होतं. त्यांनी आपल्या नावाने पौषातला एक गुरुवार बुक केला आणि तनुजाने तो आनंदाने मान्य केला. पण बुकिंग आपल्या नावावर म्हटल्यावर यशवंतराव आणि त्यांची बायको साधना यांना येणं भाग पडलं. घरात राहायची मर्यादा आठ माणसांची. सोपानराव, कौशल्याबाई, आक्का, हे दोघे, म्हणजे पाच. तीन जागा उरल्या. सोपानरावांनी कुरुळीला निरोप धाडला की आक्कांबरोबर दोघं-तिघं आले तरी चालतील.

गुरुवारच का, तर एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी. कुशाबाईंचा पुतण्या खंडू कारखान्याच्या कामगारांना ने-आण करणारी बस चालवायचा आणि त्याची गाडी गुरुवारी रिकामी असे. शुक्रवारी पहाटे पहिल्या पाळीची माणसं उचलायची, म्हणून संध्याकाळी परत निघायचं, एवढीच त्याची अट. म्हणजे घर मिळणार दुपारचे चार तास. पण ओट्यावर खुर्ची टाकून समुद्र दाखवायला चार तास पुष्कळ झाले.

पहाटे बस सोसायटीच्या दारात उभी राहिली. पुढच्या काचेवर ‘पहिली पाळी’ अशी पाटी तशीच होती. सोपानराव दारातून आत चढले आणि पायरीवरच थांबले. आत कुशाबाई होत्या. कुशाबाईंच्या दोन जावा होत्या, तीन लेकी होत्या, सार्थक होता, त्याची होणारी नवरी सुप्रिया होती, तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून तिची आजी होती, आणि मागच्या बाकांवर सोपानरावांना नात्याने ओळखता येतील न येतील अशी आणखी सात माणसं बसली होती. एकूण सोळा. त्यात पिंपळे सौदागरचे चौघे मिळून वीस, आणि खंडू एकविसावा.

“आक्का,” सोपानराव हळू आवाजात म्हणाले, “दोघं-तिघं म्हनलो व्हतो.”

“दोघी-तिघीच निघालो व्हतो,” कुशाबाई म्हणाल्या. “मग बस मोकळी दिसली.”

बस बाराच माणसांची असती तर बारा आली असती. घाटात दोघींना गाडी लागली, माणगावला चहाला थांबल्यावर एक जाऊ मोजणीत राहून गेली आणि तीन किलोमीटर मागे जाऊन तिला आणावं लागलं, आणि सुप्रियाच्या आजीने यशवंतरावांना संपूर्ण प्रवासभर ‘साहेब, आमच्या पोरीच्या कुरुळीला पानी कवा येनार’ म्हणून धारेवर धरलं. ते कधीचे निवृत्त झाले आहेत आणि कुरुळी त्यांच्याकडे कधीच नव्हतं, हे त्यांनी चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी त्यांनी सोमवारपर्यंत पाणी सोडायचं कबूल केलं. कुशाबाई मात्र खिडकीशी गप्प बसून होत्या आणि मधूनच विचारत होत्या, आला का.

पावणेबाराला बस कोळवशीच्या घरासमोर उभी राहिली. उंच कुंपण, बंद फाटक, आणि फाटकात सावित्रीबाई. सावित्रीबाई घराची राखण करणाऱ्या, तिथल्याच. मागच्या खेपेला सोपानरावांनी त्यांना टोपी नाही पण लुगडं केलं होतं, त्यामुळे ओळख चांगली. सोपानराव हसून पुढे झाले.

सावित्रीबाईंनी बसकडे पाहिलं, उतरणारी माणसं बोटांवर मोजली, बोटं संपल्यावर मोजायचं सोडून दिलं आणि म्हणाल्या, “भाऊ, मी वळखते तुमाला. पन आजचं नाव यशवंतराव हाय. आनि माणसं आठ. आनि आत घ्यायचं ते एक वाजता.”

“अहो, घर माझं हाय.”

“ते मला म्हायत हाय. पन वैनीनी लिवून दिलंय, नाव असंल त्यालाच दार उघडायचं.” त्यांनी खरोखरच पदराच्या टोकाची गाठ सोडून कागद काढून दाखवला. त्यात तनुजाच्या अक्षरात एक कलम असंही होतं की घरातलं कोणी आलं तरी आधी मला फोन करावा. ‘घरातलं कोणी’ म्हणजे कोण, हे न लिहिताही स्पष्ट होतं. सोपानरावांनी कागद घडी घालून परत दिला. एकवीस माणसांच्या देखत स्वतःच्या फाटकाबाहेर उभं राहायची वेळ त्यांच्यावर याआधी आलेली नव्हती, आणि अशा वेळी हात कुठे ठेवायचे हेही त्यांना माहीत नव्हतं.

यशवंतराव ओळखपत्र घेऊन पुढे आले. साधनावहिनींनी सुचवलं की आठ-आठच्या तुकड्या करून आत जावं. सार्थक म्हणाला, मागून भिंतीवरून उतरता येईल. जावांनी तोवर फाटकासमोर सतरंजी अंथरून भाकरी-ठेच्याची पाटी उघडली. हे सगळं चालू असताना सावित्रीबाईंनी नियमाप्रमाणे आलेल्या पाहुण्यांचा एक फोटो काढला आणि तनुजाला पाठवून दिला. त्यात वीस-एकवीस माणसं, एक सतरंजी, कामगारांची बस, आणि मधोमध नारळाच्या खोडाआड अर्धेच मावलेले तिचे सासरे होते.

मिनिटभरात सोपानरावांचा फोन वाजला. तो न उचलावा असं त्यांना फार वाटलं, पण सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

“बाबा,” तनुजा म्हणाली, “तो बैल तुम्हीच होता ना?”

सोपानराव म्हणाले, व्हय.

ती ऑफिसातल्या कोणाला तरी ‘दोन मिनिटं’ म्हणाल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, “मला नुसतं सांगायचं ना, बाबा.”

“कसं सांगू, पोरी. घराचं नाव काढनार न्हाई म्हनलो व्हतो. आनि आक्काला शब्द दिला व्हता. तारखा बघितल्या तर संक्रांत बी लाल, सगळंच लाल.”

“संक्रांतीचे तीन दिवस मीच लाल केलेत,” तनुजा म्हणाली. “आक्कांसाठी. साखरपुड्यात तुम्ही बोललात तेव्हाच घरी येऊन बंद करून ठेवले, कोणी घेऊ नये म्हणून. तुम्ही आज विचाराल, उद्या विचाराल म्हणून मी महिनाभर वाट बघतेय.”

सोपानराव नारळाच्या खोडाला टेकले. चोरून उघडलेलं खातं, न्हाणीघरात वळवलेली मान, हातात थांबून राहिलेला तो भाकरीचा तुकडा, सगळं त्यांना एकामागोमाग आठवलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. रागाने माणूस एवढा वेळ आंधळा राहू शकतो हे त्यांना बासष्टाव्या वर्षी कळत होतं. तनुजा पुढे सांगत होती की फोन सावित्रीबाईंकडे द्या, मी दार उघडायला सांगते, सगळ्यांना आत घ्या, पण आधी आक्कांना घ्या, ऊन फार असेल.

“आक्का,” सोपानरावांनी हाक मारली.

सतरंजीवर आक्का नव्हत्या. बसमध्ये नव्हत्या. कौशल्याबाईंना वाटत होतं की त्या जावांबरोबर आहेत, जावांना वाटत होतं की त्या कौशल्याबाईंबरोबर आहेत. अर्धा तास सगळे मिळून एका फाटकाशी भांडत होते आणि ज्यांच्यासाठी भांडत होते त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. एक डोळा गेलेली, दुसऱ्याने जेमतेम पाहणारी बाई अनोळखी गावात कुठे गेली असेल? फोन कानाला तसाच धरून ते कुंपणाच्या कडेने, सुरूच्या झाडांतून खाली उतरणाऱ्या पायवाटेने पळत सुटले. मागून कौशल्याबाई हाका मारत होत्या, पण त्या हळू धावत होत्या.

वाट संपली तिथे वाळू सुरू झाली. ओहोटी लागलेली होती आणि किनाऱ्यावर माणूस नव्हतं. पाण्यापासून दहा हातांवर कुशाबाई ओल्या वाळूत मांडी घालून बसल्या होत्या. चपला शेजारी नीट काढून ठेवलेल्या. लुगड्याचा काठ भिजला होता. भिंतीला हात लावत, आवाजाच्या रोखाने त्या एकट्याच चालत आल्या होत्या, आणि वाटेत त्यांना कोणी नाव विचारलं नव्हतं, माणसं मोजली नव्हती की एक वाजेपर्यंत थांबायला सांगितलं नव्हतं.

उजव्या डोळ्याला आता दाराच्या फटीतून दिसावं तेवढंच दिसत होतं. म्हणून त्या डावीकडच्या टेकडीपासून सुरुवात करून मान अगदी सावकाश उजवीकडे नेत होत्या. शेवटाला पोचल्या की पुन्हा डावीकडे येत आणि पुन्हा सुरुवात करत. सोपानराव त्यांच्याजवळ उभे राहून धापा टाकत होते.

“आक्का,” ते कसेबसे म्हणाले, “चला वर. दार उघडतंय. ओट्यावर खुर्ची टाकतो, चा सांगतो.”

“खुर्ची ऱ्हाऊ द्या,” कुशाबाई मान न थांबवता म्हणाल्या. “पाव्हणं, लई मोठं केलंय की वो हे. ह्या डोळ्यात मावंना. एका बारीला व्हायचं न्हाई मला.”

फोनवर तनुजा अजून होती. ती विचारत होती, बाबा, सापडल्या का, बऱ्या आहेत ना. सोपानरावांनी हो म्हणून सांगितलं. मग ते एकदा खाकरले, आणि साठ वर्षांत घरातल्या कोणाशी ज्या आवाजात बोलले नव्हते त्या आवाजात म्हणाले, “तनुजा, संक्रांतीला ते घर आमाला देशील का?”

“बाबा, घर तुमचंच आहे.”

“ते खरं. पन मी मागतोय. देशील का?”

“देते,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा बदलला होता. “मी पण येते बरोबर. मला बघायचंय आक्कांना बघताना.”

सोपानरावांनी फोन खिशात ठेवला. मागून एकेक करून सगळी मंडळी सुरूच्या झाडांतून बाहेर येत होती, सतरंजी आणि भाकरीच्या पाटीसकट, आणि त्यांच्यामागून किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन सावित्रीबाईही येत होत्या. कुशाबाईंनी शेजारची वाळू हाताने थापटली. सोपानराव नव्या पँटचा विचार न करता तिथे बसले.

“एक करा,” कुशाबाई म्हणाल्या. “मी हिकडचं बघाय लागली की तिकडचं जातंय. मी हिकडचं बघती, तुमी तिकडचं सांगा.”

आणि सोपानराव सांगू लागले.